टोमॅटो महागला तर घराचा हप्ता का वाढतो?

४ मे २०२२, बुधवार. दुपारी दोनच्या सुमारास रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास टीव्हीवर आले आणि रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने उसने पैसे देते तो दर, ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केल्याचं त्यांनी जाहीर केलं. हा दर ठरवणाऱ्या पतधोरण समितीची ठरलेली बैठक जूनमध्ये होती. तोवर थांबणं परवडणार नाही असं वाटून समिती मधेच बसली होती. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ पर्यंत एकूण सहा वेळा वाढ झाली आणि हा दर ६.५० टक्क्यांवर गेला.

माझ्या मावसभावाने आदल्याच वर्षी बदलापूरला फ्लॅट घेतला होता. ३० लाखांचं कर्ज, २० वर्षांची मुदत, व्याज ६.९० टक्के, हप्ता साधारण २३,१०० रुपये. रेपो अडीच टक्क्यांनी चढला तसं त्याचं व्याज ९.४० टक्क्यांवर गेलं. त्या दराने हप्ता २७,८०० च्या आसपास व्हायला हवा होता. पण त्याच्या बँकेने हप्ता तोच ठेवून मुदत वाढवली आणि त्याला नीट सांगितलंही नाही. काही महिन्यांनी त्याने खात्याचा उतारा काढला, तर हप्त्यातले जवळजवळ सगळे पैसे व्याजात जात होते. मुद्दल जागचं हलत नव्हतं आणि कर्ज फिटण्याची तारीख निवृत्तीच्या पुढे गेली होती.

तो मला म्हणाला, "तेल महाग, गॅस महाग, पेट्रोल महाग, ते सगळं भरतोच आहे. वर हप्त्याचा बोजा. यांनी महागाई कमी केली की वाढवली?"

प्रश्न अगदी रास्त आहे आणि त्याचं उत्तर एका वाक्यात बसत नाही. म्हणून हा लेख.

आधी एक घोळ मिटवू. आपल्याकडे 'मध्यवर्ती बँक' म्हटलं की जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक डोळ्यांपुढे येते, जिथे शेतकऱ्याचं पीककर्ज असतं आणि जिच्या निवडणुकीत अख्खा जिल्हा ढवळून निघतो. इथे आपण बोलतोय ते देशाच्या मध्यवर्ती बँकेबद्दल, म्हणजे रिझर्व्ह बँकेबद्दल. ती १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, तेव्हा तिचं मुख्यालय कोलकात्यात होतं. १९३७ मध्ये ते मुंबईत आलं आणि आज ते फोर्टमध्ये शहीद भगतसिंग मार्गावर आहे. १ जानेवारी १९४९ ला बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं. तेव्हा गव्हर्नर होते चिंतामणराव देशमुख. रायगड जिल्ह्यातला हा माणूस या पदावर बसलेला पहिला भारतीय. पुढे मुंबईच्या प्रश्नावरून १९५६ मध्ये केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे तेच हे देशमुख.

या बँकेत तुमचं-माझं खातं नसतं. तिथे खाती असतात बँकांची आणि सरकारांची. सगळा खेळ या एका गोष्टीवर चालतो.

दिवसअखेर प्रत्येक बँकेची देणीघेणी मिटतात. एखाद्या बँकेकडे पैसे उरतात, एखादीला कमी पडतात. कमी पडलेली बँक आपल्याकडचे सरकारी रोखे, म्हणजे सरकारला दिलेल्या कर्जाचे कागद, रिझर्व्ह बँकेला देते, रोख रक्कम उचलते आणि ठरल्या दिवशी, बहुतेकदा दुसऱ्याच दिवशी, थोडे जास्त पैसे मोजून ते रोखे परत घेते. सराफाकडे साखळी गहाण टाकून नड भागवावी तसंच हे. या उसनवारीवर जे व्याज पडतं तो रेपो दर. ज्या बँकेकडे पैसे उरतात ती ते रिझर्व्ह बँकेकडे ठेवू शकते. त्यावर रेपोपेक्षा पाव टक्का कमी व्याज मिळतं. फारच अडचण असेल तर पाव टक्का जास्त देऊन आणखी पैसे उचलता येतात. त्यामुळे बँका आपापसांत ज्या दराने रात्रीपुरते पैसे देतात-घेतात, तो दर एरवी या दोन टोकांच्या मधेच राहतो.

आता रात्रीपुरत्या पैशाचा दर आणि वीस वर्षांच्या गृहकर्जाचा दर यांचा संबंध काय? पूर्वी तो फार सैल होता. रिझर्व्ह बँकेने दर कमी केला तरी बँका गृहकर्ज स्वस्त करायला महिनोन् महिने लावत. म्हणून १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी बदलत्या व्याजदराची गृहकर्जं आणि इतर वैयक्तिक कर्जं बाहेरच्या एखाद्या दराला बांधावीत असा नियम आला. बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला. त्यामुळे आता रेपो हलला की काही आठवड्यांत हप्ता हलतो. ठेवींना मात्र असं काही बांधलेलं नाही. कर्ज पटकन महागतं आणि ठेवीवरचं व्याज रमतगमत वाढतं, ही लोकांची तक्रार खरी आहे.

आता टोमॅटोकडे वळू. रेपो दर वाढवल्याने शेतात एकही टोमॅटो जास्त पिकत नाही. हे रिझर्व्ह बँकेलाही पुरेपूर ठाऊक आहे. जुलै २०२३ मध्ये टोमॅटोने शंभरी कधीच ओलांडली होती आणि किरकोळ महागाईचा, म्हणजे ग्राहकाला पडणाऱ्या भावांवरून मोजलेल्या महागाईचा, दर ७.४४ टक्क्यांवर गेला होता. तरी ऑगस्टच्या बैठकीत समितीने रेपो जागचा हलवला नाही. टोमॅटोचं पीक काही महिन्यांत येतं, नवा माल आला की भाव उतरेल, असा तिचा हिशेब होता. तसंच झालं. ऑक्टोबरमध्ये महागाई ४.८७ टक्क्यांवर आली.

मग २०२२ मध्ये वाढ का केली? कारण तेव्हा फक्त भाजी महागली नव्हती. युक्रेनच्या युद्धामुळे कच्चं तेल, सूर्यफुलाचं तेल, गहू आणि खतं सगळंच एकदम महागलं आणि एप्रिलमध्ये महागाईचा दर ७.७९ टक्के झाला. त्याहून काळजीची गोष्ट अशी की अन्न आणि इंधन वगळलं तरी बाकीच्या वस्तू आणि सेवा ६ टक्क्यांच्या आसपासच्या वेगाने महागत होत्या. म्हणजे महागाई एका वस्तूवरून दुसरीवर पसरायला लागली होती.

कोपऱ्यावरच्या वडापावचं बघा. तेल महागलं, गॅस महागला म्हणून पंधराचा वडापाव वीसचा झाला. सहा महिन्यांनी तेल उतरलं. वडापाव पुन्हा पंधराला आला का? एकदा वाढलेला भाव सहसा खाली येत नाही, कारण तोवर गाडीवर काम करणाऱ्या पोराने पगार वाढवून मागितलेला असतो, जागेचं भाडं वाढलेलं असतं आणि गिऱ्हाइकाला वीसची सवय झालेली असते. तेलाच्या भावाचा धक्का हा पहिला फेरा. तो भाडं, पगार, रिक्षा, क्लासची फी, पार्लर असा फिरत राहतो तो दुसरा फेरा. मध्यवर्ती बँकेला पहिल्या फेऱ्याचं काही करता येत नाही. तिची सगळी ताकद दुसऱ्या फेऱ्यासाठी आहे.

ती कशी चालते? पैसा महाग झाला की नवीन बाइक घ्यायचा विचार दिवाळीपर्यंत पुढे जातो. दुकानदार उधारीच्या पैशावर भरलेला माल कमी करतो. बिल्डर नवा टॉवर सुरू करायला कचरतो. हातात शिल्लक असलेला माणूस म्हणतो, सात टक्के मिळताहेत तर टाकू मुदत ठेवीत. सगळ्यांनी मिळून थोडा हात आखडला की विक्रेत्याला भाव वाढवताना दहा वेळा विचार करावा लागतो. हे सगळं अंगात भिनायला साधारण वर्ष-दीड वर्ष जातं. त्यामुळे आजचा निर्णय आजच्या महागाईसाठी नसतोच. तो पुढच्या वर्षीच्या महागाईचा अंदाज बांधून घेतलेला असतो, आणि अंदाज चुकतात.

या औषधाने त्रास होतो, हे लपवण्यात अर्थ नाही. मागणी कमी करणं म्हणजे कुणाचा तरी फ्लॅट न विकला जाणं, कुणाला तरी नोकरी मिळणं लांबणं. माझ्या मावसभावाचे व्याजापोटी जास्तीचे जे पैसे गेले ते याच औषधाचा त्याच्या वाट्याला आलेला घोट होता.

लोकांच्या मनातला आकडाही महत्त्वाचा असतो. पुढच्या वर्षी महागाई आठ टक्के असणार असं सगळ्यांनी धरलं, तर घरमालक अकरा महिन्यांचा करार नवा करताना भाडं त्या हिशेबाने वाढवतो, युनियन पगारवाढ त्या हिशेबाने मागते, कंत्राटदार निविदा त्या हिशेबाने भरतो, आणि महागाई खरोखरच आठ टक्के होते. म्हणून रिझर्व्ह बँक ठरावीक काळाने शहरांतल्या घरांमध्ये, त्यात मुंबई आणि नागपूरही आले, विचारणा करते की भाव किती वाढले असं वाटतं आणि पुढे किती वाढतील. लोक सांगतात तो आकडा जवळजवळ नेहमीच सरकारी आकड्यापेक्षा मोठा असतो. बँक पाहते ती त्याची दिशा, म्हणजे तो चढतोय की उतरतोय.

चारच टक्के का?

रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर उर्जित पटेल यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जानेवारी २०१४ मध्ये अहवाल दिला. तेव्हा देशात महागाई दहा टक्क्यांच्या आसपास मुरली होती. त्या अहवालाच्या वाटेने जात २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेच्या कायद्यात बदल झाला आणि लक्ष्य ठरलं: किरकोळ महागाई ४ टक्के, खाली २ पर्यंत आणि वर ६ पर्यंत मोकळीक. हे लक्ष्य केंद्र सरकार रिझर्व्ह बँकेशी सल्लामसलत करून ठरवतं. २०२१ मध्ये पुढच्या पाच वर्षांसाठी तेच कायम केलं गेलं. दर ठरवायला सहा जणांची समिती असते. तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे सरकारने नेमलेले बाहेरचे. मतं समसमान पडली तर गव्हर्नरांचं मत निर्णायक. कोण कुठल्या बाजूने होता हे चौदा दिवसांनी इतिवृत्तात नावानिशी प्रसिद्ध होतं.

महागाई शून्य का नको, असं पुष्कळ जण विचारतात. भाव सतत उतरत राहिले तर माल पिकवणाऱ्याचं आणि बनवणाऱ्याचं उत्पन्न घटतं, पण त्याच्या डोक्यावरच्या कर्जाचा हप्ता घटत नाही. दुसऱ्या टोकाला, भाव भराभर वाढले तर साठवलेला पैसा वितळतो. ६ टक्के महागाईत रुपयाची किंमत बारा वर्षांत निम्मी होते, ४ टक्क्यांत अठरा वर्षांत. २०२२ च्या सुरुवातीला मोठ्या बँका वर्षाच्या ठेवीवर पाच-साडेपाच टक्के देत होत्या आणि महागाई सात टक्क्यांकडे निघाली होती. निवृत्तीची रक्कम ठेवीत टाकून व्याजावर जगणाऱ्या माणसाला व्याज मिळत होतं आणि तरी तो दरमहा थोडा गरीब होत होता. कर्जदाराचं दुखणं लगेच टीव्हीवर येतं. या ठेवीदाराची कुणी बातमीही केली नाही.

सरासरी महागाई लागोपाठ तीन तिमाह्या ६ च्या वर किंवा २ च्या खाली राहिली, तर कायद्याने ते रिझर्व्ह बँकेचं अपयश ठरतं. मग तिला सरकारला पत्र लिहून कारणं, उपाय आणि किती काळात महागाई लक्ष्यावर येईल हे सांगावं लागतं. २०२२ च्या पहिल्या तिन्ही तिमाह्यांत महागाई ६ च्या वर राहिली. ३ नोव्हेंबर २०२२ ला त्यासाठी समितीची खास बैठक झाली आणि पत्र गेलं. त्यात काय लिहिलं होतं ते मात्र लोकांसमोर आलं नाही. मला हे पटत नाही. ज्यांच्या खिशातून ती महागाई गेली त्यांना पत्र वाचायचा हक्क असायला हवा होता. दर वाढवायला बँकेने उशीर केला असंही माझं मत आहे. करोनाने खचलेल्या धंद्यांना सावरायला स्वस्त पैसा आणखी काही काळ हवा होता, ही बाजूही लंगडी नाही. म्हणून तर पत्र वाचायला मिळायला हवं होतं.

लासलगावचा हिस्सा

२०१२ हे आधारवर्ष धरलेल्या ज्या निर्देशांकावर ही सगळी वर्षं महागाई मोजली गेली, त्यात अन्न आणि पेयांचा वाटा ४५.८६ टक्के होता. म्हणजे आकड्याचा जवळपास अर्धा भाग पाऊस, मंडी आणि साठवणूक यांच्या हातात. ते रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेर आहे, म्हणून तिथे सरकार उतरतं. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. नाशिक जिल्ह्यात व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले. डिसेंबरमध्ये तर निर्यातच बंद झाली आणि ती मे २०२४ मध्ये उघडली. शहरातल्या ताटातली महागाई रोखली गेली, तिची किंमत लासलगावच्या आवारात ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याने मोजली. हा निर्णय सरकारचा होता, रिझर्व्ह बँकेचा नव्हता. पण महागाईचा आकडा खाली आला की श्रेय सगळे वाटून घेतात आणि खर्च एकाच्याच नावावर पडतो, हे विसरता कामा नये.

ऑक्टोबर २०२५ मध्ये महागाईचा दर ०.२५ टक्के झाला, त्या मालिकेतला सगळ्यात कमी. खाद्यपदार्थांचे भाव वर्षभरापूर्वीपेक्षा ५ टक्क्यांनी खाली होते. मुंबईत बसून ही बातमी गोड वाटते. ज्याचा माल त्या भावाने गेला त्याला विचारा. त्या वर्षी रेपो दर फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्याने ६.५० वरून डिसेंबरपर्यंत ५.२५ वर आला. मावसभावाच्या कर्जाचं व्याजही थोडं उतरलं.

मधल्या काळात त्याच्यासारख्या कर्जदारांसाठी एक चांगली गोष्ट झाली होती. ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं की दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं करायचं हे कर्जदाराला विचारा, हवं तर स्थिर व्याजदराचा पर्याय द्या, आणि हप्त्यातून महिन्याचं व्याजही वसूल होत नाही इतकी मुदत ताणू नका. तुमचं गृहकर्ज असेल आणि बँकेने असं काही विचारलं नसेल, तर शाखेत जाऊन लेखी विचारा.

लोक आणखी एक गोष्ट हमखास विचारतात. नाशिक रोडला नोटांचा छापखाना आहेच, मग सरकार छापून गरिबांना का वाटत नाही? एकेकाळी याच्या जवळ जाणारं काहीतरी होतं. सरकारच्या खात्यात पैसे कमी पडले की रिझर्व्ह बँक सरकारकडून तात्पुरत्या हुंड्या, म्हणजे थोड्या मुदतीत पैसे परत देण्याची लेखी हमी, घेऊन आपोआप पैसे पुरवत असे. हुंड्या म्हणायच्या तात्पुरत्या, पण त्यांची रास वाढतच जाई आणि बाजारात मालापेक्षा पैसा जास्त होई. १ एप्रिल १९९७ पासून ही पद्धत बंद झाली. तसाही आजचा बहुतेक पैसा छापलेला नाही. बँकेने मावसभावाला ३० लाख दिले तेव्हा नोटांची पेटी कुणी उचलली नाही. बिल्डरच्या खात्यात ३० लाख जमा झाल्याची नोंद झाली, तेवढंच. कर्ज देताना बँक पैसा तयार करते. म्हणून पैशावर लगाम ठेवायचा तर बँकांच्या कर्जवाटपावर ठेवावा लागतो. रेपो हा एक लगाम. ठेवींचा ठरावीक हिस्सा रिझर्व्ह बँकेत बिनव्याजी ठेवायला लावणं, म्हणजे रोख राखीव प्रमाण, हा दुसरा.

रुपया-डॉलरचीही एक बाजू आहे. आपण खनिज तेलाची ८० टक्क्यांहून जास्त गरज आयातीवर भागवतो. रुपया घसरला की तेल, आणि तेलामागून सगळं, महागतं. रिझर्व्ह बँक तेव्हा साठ्यातले डॉलर विकून घसरण सावरते. १९९१ मध्ये हा साठा जवळजवळ संपला होता आणि सुमारे ४७ टन सोनं परदेशात तारण ठेवावं लागलं होतं. सप्टेंबर २०२४ मध्ये हा साठा ७०० अब्ज डॉलरच्या पुढे गेला.

बँकेतला पैसा परत मिळेल का?

इथवर बोललो ते रुपयाच्या किमतीबद्दल. रिझर्व्ह बँकेचं दुसरं मोठं काम त्याहून जवळचं आहे: मागाल तेव्हा तुमचा पैसा बँकेतून मिळायला हवा.

कोणतीही बँक, कितीही चांगली असो, सगळ्या ठेवीदारांना एकाच दिवशी पैसे परत देऊ शकत नाही. ठेव तुम्ही उद्या मागू शकता. तो पैसा मात्र कुणाच्या वीस वर्षांच्या फ्लॅटमध्ये, कुणाच्या कारखान्यात गुंतलेला असतो. एरवी याने काही बिघडत नाही, कारण सगळे एकदम येत नाहीत. शंका आली की येतात. आणि सगळे धावले की भक्कम बँकही कोसळू शकते.

२४ सप्टेंबर २०१९ च्या सकाळी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेच्या, म्हणजे पीएमसीच्या शाखांपुढे काय झालं ते मुंबईकरांना आठवत असेल. रिझर्व्ह बँकेने आदल्या दिवशी निर्बंध घातले होते. सहा महिन्यांत काढता येणार होते फक्त १,००० रुपये. कुणाच्या घरी लग्न, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या गृहनिर्माण संस्थेचा अख्खा दुरुस्तीनिधी त्या बँकेत. पुढे ही मर्यादा दहा, पंचवीस, चाळीस, पन्नास हजार अशी चढत जून २०२० मध्ये एक लाखावर गेली. आतलं कारण भयानक होतं. बँकेच्या कर्जाचा जवळपास तीन चतुर्थांश भाग एकाच बांधकाम समूहाला दिलेला होता, आणि तो लपवायला २१ हजारांवर बनावट खाती तयार केलेली होती.

पीएमसीवरच्या निर्बंधांनंतर सहा महिन्यांच्या आतच, ५ मार्च २०२० ला, येस बँकेवर निर्बंध आले. ५०,००० रुपयांची मर्यादा लागली. पण इथे स्टेट बँकेसह इतर बँकांनी भांडवल घातलं आणि १८ मार्चला, तेरा दिवसांत, निर्बंध उठले. पीएमसीचे ठेवीदार तेव्हाही रस्त्यावर होते. त्यांची बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन व्हायला २५ जानेवारी २०२२ उजाडलं, आणि पाच लाखांवरची बरीच रक्कम हप्त्याहप्त्याने, दहा वर्षांपर्यंत, मिळणार असं ठरलं.

एकाला तेरा दिवस, दुसऱ्याला वर्षं. असं का? एक कारण आकाराचं. येस बँक इतर बँका, म्युच्युअल फंड, पेमेंट अ‍ॅप यांच्यात इतकी गुंतलेली होती की ती पडली असती तर साखळीतल्या इतरांनाही ओढून गेली असती. दुसरं कारण कायद्याचं. सहकारी बँकेवर तेव्हा सहकार खातं आणि रिझर्व्ह बँक अशा दोघांचा अंमल होता, आणि संचालक मंडळ, भांडवल, विलीनीकरण याबाबत रिझर्व्ह बँकेचे हात व्यापारी बँकांच्या बाबतीत होते तितके मोकळे नव्हते. २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलून ही ढिलाई बरीच कमी केली. कारणं समजतात. पण ज्या काकांची आयुष्यभराची कमाई अडकली त्यांना 'तुमची बँक लहान होती' हे उत्तर कसं द्यायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

प्रत्येक बँक वाचवायचीच असं ठरवलं, तर बँकचालक बेफिकीर होतात. म्हणून आग विझवण्याआधी आग न लागण्याची तयारी महत्त्वाची. व्यापारी बँकेला जोखमीच्या हिशेबाने धरलेल्या प्रत्येक १०० रुपयांच्या कर्जामागे किमान ९ रुपये स्वतःचं भांडवल ठेवावं लागतं, आणि त्यातला मोठा भाग भागधारकांचा असतो. कर्ज बुडालं तर पहिला फटका त्यांना बसतो, ठेवीदाराला नाही. करोनानंतर बिनतारण वैयक्तिक कर्जं आणि क्रेडिट कार्डं फार वेगाने वाटली जाऊ लागली, तेव्हा नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने अशा बहुतेक वैयक्तिक कर्जांचं जोखमीचं वजन १०० वरून १२५ टक्के केलं, म्हणजे १०० रुपयांचं कर्ज या हिशेबात १२५ रुपयांचं धरायला लावलं. ९ रुपयांच्या जागी सव्वाअकरा ठेवावे लागू लागले. रेपो वाढवला असता तर शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरचं कर्जही महागलं असतं. इथे फक्त जिथे उधळण होती तिथेच हात घातला. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

बँका बुडीत कर्जं लपवत नाहीत ना, हेही तपासावं लागतं. २०१५ मध्ये रिझर्व्ह बँकेने मोठ्या बँकांच्या कर्जखात्यांची कसून तपासणी लावली. नवं कर्ज देऊन जुनं फेडल्याचं दाखवण्याचे प्रकार उघडे पडले आणि थकीत कर्जांचं प्रमाण मार्च २०१८ पर्यंत ११ टक्क्यांच्या पुढे गेलं. तेव्हा सगळे घाबरले होते. पण खपली काढल्यामुळेच जखम भरली. मार्च २०२४ पर्यंत हे प्रमाण ३ टक्क्यांच्या खाली आलं.

ही दोन्ही कामं कधी कधी एकमेकांच्या आड येतात. महागाईसाठी व्याज वाढवलं की बँकांकडच्या जुन्या रोख्यांची किंमत पडते, कारण ७ टक्क्यांचा नवा रोखा मिळत असताना ५ टक्क्यांचा जुना पूर्ण किमतीला कोण घेणार? मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक याच कारणाने बुडाली. रोख्यांतला तोटा कळताच ठेवीदारांनी एका दिवसात ४२ अब्ज डॉलर काढून घेतले. आता धावायला रांगही लागत नाही, फोन पुरतो.

आणि तरीही बँक बुडालीच तर शेवटचा आधार ठेव विमा. १९६० मध्ये केरळातली पालाई सेंट्रल बँक बुडाली आणि त्या धक्क्यातून १ जानेवारी १९६२ ला ठेव विमा महामंडळ सुरू झालं. तेव्हा हमी होती १,५०० रुपयांची. पीएमसीनंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, ती एक लाखावरून पाच लाख झाली. ही रक्कम मुद्दल आणि व्याज मिळून, एका बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांमधल्या सगळ्या ठेवींसाठी एकत्र धरतात. हप्ता बँक भरते, तुम्हाला काही भरावं लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम साधारण ९० दिवसांत द्यायची तरतूद आहे.

महाराष्ट्रात ज्याची सगळ्यात जास्त गल्लत होते ते असं: हा विमा बँकांना आहे, नागरी सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही, ती सहकार खात्याच्या अखत्यारीत असते. आमच्या आत्याने शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर चार लाख रुपये तिच्या तालुक्यातल्या एका पतसंस्थेत ठेवले होते. बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज होतं आणि चेअरमन ओळखीचे होते. संस्था बसली. सहा वर्षांत दीड लाख हाती आले, बाकीचे अजून नाहीत. ती रिझर्व्ह बँकेला पत्र लिहीत राहिली, आणि हा विषय आमच्याकडे येत नाही असं उत्तर तिला मिळालं, जे खरंच होतं.

आता ती ठेव ठेवण्याआधी व्याज विचारत नाही. आधी बाहेर उभी राहून पाटी पूर्ण वाचते: 'सहकारी बँक' लिहिलंय की 'सहकारी पतसंस्था'. मग आत जाते आणि काउंटरवरच्या मुलीला विचारते, "पाच लाखांचा विमा आहे ना ग इथे? दाखव बरं कुठे लिहिलंय ते."